सिंबल अजून वाजतोय

तालेवारांना तालेवार हे नाव पैशामुळे पडलेलं नव्हतं. पैशाच्या नावाने तर सगळा उजेडच होता. छत्तीस वर्षं ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवले आणि एवढ्या वर्षांत एकदाही ताल सुटला नाही, म्हणून बरोबरच्यांनी ठेवलेलं हे नाव. ते असं चिकटलं की सख्खी बहीणसुद्धा फोनवर "तालेवार आहेत का घरी?" असंच विचारायची. माणूस मनाने लोण्यासारखा, पण हेकट! एकदा एखादी गोष्ट डोक्यात बसली की ती काढायला पक्कड लागायची.

आता हेच बघा ना, धुण्याच्या मशिनचं. कपडे धुऊन झाले की ते मशिन बारीक आवाजात पिप् पिप् करायचं. एक दिवस तालेवारांनी जाहीर केलं, "याचा बझर जळालाय." बायको म्हणाली, "असेल." मग त्यांनी सुट्टीचा अख्खा दिवस घालवून मशिनची पाठ उघडली, आतली धूळ पुसली, सगळे स्क्रू परत लावले, एक उरला तो खिशात घातला, आणि "नवा भाग मिळत नाही आता याचा" असं म्हणून हात धुतले. बायकोने हात पुसायला टॉवेल पुढे केला. ती कपबशांच्या कारखान्यात तपासणीला होती. भट्टीतून आलेला प्रत्येक कप टिचकी मारून ऐकायचा, डोळ्यांना न दिसणारा तडा कानांनी पकडायचा, हे तिचं काम. दिवसाला हजारभर कप. घरी आल्यावर ती मोजकंच बोलायची.

मग ऑर्केस्ट्रा बंद पडला. मालकाने गाडी विकली आणि सगळे आपापल्या वाटेला लागले. तालेवार घरी बसले. बसले म्हणजे काय, या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या. मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, भला माणूस. त्याचं रंगांचं दुकान. तो म्हणाला, "भावजी, एक तारखेपासून या माझ्याकडे. तुमची खुर्ची तयार आहे." तालेवार एक दिवस जाऊन बसूनही आले. तिथे रंगाचे डबे घुसळायचं एक यंत्र होतं, खडखड करत चालायचं. घरी येऊन म्हणतात, "अगं, ते यंत्रसुद्धा तालात नाही! दर चौथ्या फेऱ्याला अडखळतं. माझं डोकं उठलं."

बायको हसली. ते मात्र हसले नाहीत. एकदा त्या खुर्चीत बसलो की आपण ड्रमर उरणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि अशात फोन आला. पूर्वी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणारा एकजण आता संगीतकार झाला होता. तो म्हणाला, "काका, कॉम्प्युटरवरच्या ड्रमला कंटाळलोय. घरी रेकॉर्ड करून पाठवाल? आधी एक गाणं करून बघू. जमलं तर अजून आठ आहेत. नाही जमलं तर मात्र कॉम्प्युटरचेच घालावे लागतील. वाईट वाटून घेऊ नका हं."

वाईट कसलं वाटतंय! तालेवारांचे पाय जमिनीवर ठरेनात. मागच्या खोलीतून पलंग हलवला, गादी भिंतीला उभी केली, कपाटाची दारं उघडी टाकली, म्हणजे आतले कपडे आवाज पितील. ड्रमसेट मधोमध. आता घोडं अडलं ते माइकांवर. मोठ्या ड्रमच्या पोटात ठेवायला जुना जाडजूड माइक होता. स्नेअर, म्हणजे मांडीजवळचा तो कडाडणारा ड्रम, त्यासाठी गायकाचा चेपलेला माइक चालण्यासारखा होता. पण खरी गंमत असते ती डोक्यावर टांगलेल्या माइकांत. अख्खा सेट, आणि विशेषतः वरचे थाळ्यांसारखे पितळी सिंबल, त्यांतच उतरतात. ते विकत घ्यायला हवे होते, आणि खिशाला झेपतील असे हवे होते.

दुकानात माइकवाल्याने पाच-सहा प्रकार काढून ठेवले. तालेवारांनी कानांवर हेडफोन चढवले आणि दुकानातल्या सिंबलवर काठी मारून एकेक माइक ऐकला. पहिला मंद. दुसरा त्याहून मंद. तिसराही तसाच, जसा काही सिंबलवर टॉवेल टाकलाय. आणि मग आली एक स्वस्तातली जोडी, बारीक पेन्सिलीसारखी. काठी पडली आणि तालेवारांचे डोळे चमकले. हा! हा खरा सिंबल! किती दिवसांनी इतका लख्ख ऐकला!

"काका, ते जरा टोचतात हं," माइकवाला म्हणाला. "त्यापेक्षा हा बघा, थोडा महाग आहे, पण..."

"थोडा महाग," तालेवार गालातल्या गालात हसले. छत्तीस वर्षं स्टेजवर काढलेल्या माणसाला हा शिकवणार! त्यांनी ती स्वस्तातली जोडी उचलली आणि घरी येईपर्यंत स्वतःच्याच पाठीवर शाबासकी देत राहिले.

दोन दुपारी खपून गाणं वाजवलं. वाजवलं म्हणजे काय वाजवलं! शेजारी कामावर गेलेले, गल्ली शांत, हात मोकळा. पाठवून दिलं. दुसऱ्याच दिवशी संगीतकाराचा निरोप आला: "काका, हात तोच आहे, झकास. पण सिंबल कानात सुया टोचल्यासारखे येतायत. ऐकवत नाही हो. रविवारपर्यंत परत पाठवता? नंतर मला थांबता येणार नाही."

तालेवारांचं तोंडचं पाणी पळालं. त्यांनी रेकॉर्डिंग परत ऐकलं. पुन्हा ऐकलं. कसल्या सुया? कुठे सुया? सगळं तर छान होतं! "याच्याच कानात बिघाड झालाय," ते पुटपुटले, आणि चिडून स्टुलावर बसून मोठ्या सिंबलवर एक सणसणीत काठी हाणली. आवाज खोलीभर पसरला, ओसरला, संपला. ते पुढचा ठोका मारायला हात उचलणार, तोच दारातून बायको म्हणाली, "अहो, संपू द्या की तो."

"संपला की."

"नाही. अजून वाजतोय."

"काहीतरीच बोलू नकोस. कधीचा संपला."

ती आत आली. तिने त्यांचं बोट धरलं आणि सिंबलच्या कडेला हलकेच टेकवलं. पितळ थरथरत होतं. बोटाला मुंग्या याव्यात तसं स्पष्ट थरथरत होतं. आणि तालेवारांच्या कानांत काही नव्हतं. अगदी काही म्हणजे काही नाही.

हळूहळू ती थरथर थांबली. बोट मात्र त्यांनी काढलं नाही.

"मशिनचा बझर," ते म्हणाले.

"तो कधी बिघडलाच नव्हता."

"तुला माहीत होतं?"

"दोन वर्षं झाली. फोनची बारीक घंटी, मशिन, दारातल्या त्या चिमणीची चिवचिव. तुम्हाला बारीक आवाज येत नाहीत."

"मग बोलली का नाहीस?"

बायको पलीकडच्या गादीला टेकून उभी राहिली. "रोज शंभर कप बाजूला काढते मी, तडा गेला म्हणून. घरी येऊन तुम्हालाही तेच सांगायचं? माझी नाही झाली हिंमत."

तालेवारांना रडू आलं. लपवलं नाही त्यांनी, काठ्या मांडीवर ठेवून सरळ रडले. छत्तीस वर्षं ज्या पितळाशेजारी बसले, त्यानेच हळूहळू त्यांचे कान खाल्ले होते. आणि त्यांना दुकानातला तो टोचरा माइकच तेवढा खरा वाटला होता, कारण त्यांच्या कानांपर्यंत पोचण्याइतका तोच एक कर्कश होता. माइकवाला बिचारा खरं सांगत होता. "संपलं," ते म्हणाले. "तुझ्या भावाला फोन कर. येतो म्हणावं एक तारखेला."

"फोन नंतर," बायको म्हणाली. "आधी दुकानात जाऊ. उद्या मी रजा टाकते."

दुसऱ्या दिवशी ती हातात जेवणाची पिशवी घेऊनच निघाली. दुकानात पोचल्यावर तिने पिशवीतून दोन पांढरे कप काढले. एक धड, एक तडा गेलेला. दिसायला दोन्ही सारखे.

"हे काय, काकू?" माइकवाला चक्रावला.

"तुम्ही माइक लावा," ती म्हणाली आणि हेडफोन स्वतःच्या कानांवर चढवले.

आधी तालेवारांची जोडी लावली. तिने एका कपाला टिचकी मारली, मग दुसऱ्याला, आणि तोंड वाकडं केलं. "यात दोन्ही कप किंचाळतात. कुठला फुटका ते मलासुद्धा कळत नाही." दुसरा माइक. "हा बरा, पण कप पत्र्याचा वाटतो." तिसरा. चौथा. माइकवाल्याने मुकाट्याने एकेक पुढे करायला सुरुवात केली. शेवटी त्याने खालच्या फळीवरून एक बुटका, जाडसर माइक काढला. रिबन माइक म्हणतात त्याला, आत पातळ पट्टी असते, आवाज मऊ येतो. कडेला खरचटलेला, डबा नाही, म्हणून पडून होता. तालेवारांनी तो मागच्या खेपेला ऐकून मंद म्हणून बाजूला सारला होता.

टिचकी. टिचकी. बायकोने डोळे मिटले. पुन्हा टिचकी.

"यात कप कपासारखा वाजतो," ती म्हणाली. "आणि फुटका फुटक्यासारखा. हाच द्या."

"काकू, जोडी लागेल ना? वर दोन लावतात."

"एक खरा पुरे. दोन खोटे काय करायचेत?"

माइकवाला हसत सुटला. जोडी त्याने परत घेतली, आणि तो खरचटलेला माइक त्या जोडीपेक्षाही स्वस्तात पडला. वाटेत तालेवार एवढंच म्हणाले, "मला मंद वाटला होता तो." ती म्हणाली, "वाटू दे."

रविवारी दुपारी मागच्या खोलीत तिने सूत्रं हाती घेतली. माइक त्यांच्या डोक्यामागे टांगला, एकदा वर, एकदा खाली, एकदा वीतभर डावीकडे. दर वेळी तालेवार वाजवायचे आणि ती हेडफोन लावून मान हलवायची: नाही. नाही. अजून थोडं. नवऱ्याला असं नाचवायची संधी तिला तीस वर्षांत मिळाली नव्हती, आणि तिने ती सोडली नाही. शेवटी ती म्हणाली, "हां. आता वाजवा."

"आणि शेवट?" तालेवारांनी विचारलं. गाणं मोठ्या सिंबलवर संपत होतं, आणि तो पूर्ण विरेपर्यंत हलायचं नसतं. स्टूल करकरलं, पाय सरकला, तरी सगळं रेकॉर्ड होतं. "मला तो कधी संपला ते कळणारच नाही."

"मी हात वर करीन. खाली येईपर्यंत हलू नका."

त्यांनी वाजवलं. सगळं आयुष्य जसं वाजवलं तसं, घड्याळासारखं, आणि शेवटचा ठोका मारला. सिंबल झणाणला, त्यांच्या कानांत विरला, संपला. समोर बायकोचा हात वरच होता. तालेवार दगडासारखे बसून राहिले. घामाचा थेंब नाकावरून ओघळला, तो पुसला नाही. खोलीत त्यांच्यापुरती शांतता होती, आणि तिच्या चेहऱ्यावर अजून आवाज होता. तो आवाज ते तिच्या चेहऱ्यावर बघत होते.

हात हळूहळू खाली आला.

संध्याकाळीच संगीतकाराचा निरोप आला: "काका, आता कसं! आणि तो शेवटचा सिंबल किती वेळ जाऊ दिलात हो. हल्ली एवढं कोणी थांबत नाही. बाकीची आठ पाठवतोय. रेकॉर्डिंग कोणी केलं? नाव लिहायचंय."

तालेवारांनी निरोप बायकोला वाचून दाखवला. मग स्वतःच मेहुण्याला फोन लावला आणि म्हणाले, "ती खुर्ची दुसऱ्या कुणाला दे बाबा. मला इथे एक बसायला आहे." फोन ठेवून ते नाव टाइप करू लागले, एका बोटाने, सावकाश.

एकदम त्यांनी मान वर केली. बायको उठून न्हाणीघराकडे निघाली होती.

"मशिन वाजतंय का गं?" त्यांनी विचारलं.

"हो," ती म्हणाली. "कपडे झाले."