पाठ टेकली नाय

आमच्या हिच्या थोरल्या मामांइतकं जग हिंडलेला माणूस सबंध पोलादपूर तालुक्यात शोधून सापडायचा नाही, आणि मामा उभ्या जन्मात मुंबईच्या गोदीपलीकडं गेलेले नाहीत. जपान, तुर्कस्तान, मंगोलिया, आफ्रिकेचा पश्चिम किनारा, सगळं त्यांनी धक्क्यावर उभं राहून पाहिलं, आणि तेही एवढ्याच एका खिडकीतून, की तिथली माणसं कुस्ती कशी खेळतात. कुठल्या देशाची राजधानी कुठली, तिथं राजा आहे की पंतप्रधान, लोक भात खातात की पाव, याच्याशी मामांना कर्तव्य नव्हतं. टीव्हीवर कुठल्याशा देशात युद्ध पेटल्याची बातमी लागली की आम्ही सगळे गप्प होऊन ऐकत असायचो आणि मामा मध्येच हळहळायचे, "काय रे हे! कमरेखालनं कसली सुंदर धरतात ही माणसं."

माझी आणि त्यांची पहिली भेट मी मुलगी बघायला कापड्याला गेलो त्या दिवशीची. जयभीम झाला, पाणी झालं, पोह्यांच्या बशा आल्या, आणि हस्तांदोलनाला म्हणून धरलेला माझा हात मामांनी सोडलाच नाही. दुसरा हात माझ्या मानेमागं गेला आणि त्यांनी अशी काही दाबली ती, की माझं कपाळ पोह्यांत जायचं तेवढं राहिलं. मग सगळ्या बैठकीकडं वळून त्यांनी निकाल दिला, "मान कच्ची हाय. पन माणूस टिकंल." आमचं लग्न त्याच वाक्यावर ठरलं असं ही अजून सांगते. परतीच्या एसटीत माझी आई मात्र एवढंच म्हणाली, "त्या मामाला मांडवात लांब बसवा."

मामा गोदीत माल उतरवायचे. परदेशी बोट लागली आणि काम आटपलं की ते एखाद्या खलाशापुढं जाऊन उभे राहायचे आणि मांडीवर शड्डू ठोकायचे. काही खलाशी पळाले. एकानं पहारेकऱ्याला बोलावलं. पण दर बोटीवर एखादा तरी हसून बाह्या सरसावणारा निघायचाच, आणि मग मामा त्याच्या मुलुखाची पकड अंगावर शिकून घ्यायचे. "शड्डूला भाषांतर लागत नाय, जावयबापू," असं ते मला सांगत. या शिक्षणात घोटाळेही पुष्कळ झाले होते. आइसलँड आणि आयर्लंड हे त्यांच्या लेखी एकच गाव होतं. मांडीला आणि कमरेला कापडाचा पट्टा बांधून खेळायची कोरियाची कुस्ती त्यांनी कित्येक वर्षं जपानच्या नावावर खपवली. पुढं घरात मोबाईल आला तेव्हा मी एकदोन गोष्टी पडताळून पाहिल्या. निम्म्या बरोबर निघाल्या. उरलेल्या मामांच्या स्वतःच्या होत्या, आणि खरं सांगायचं तर त्याच जास्त चांगल्या होत्या.

मी महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आहे. पाळीची नोकरी. घरी येतो तेव्हा अंगाला औषधांचा वास आणि पायांत शिसं भरल्यासारखं असतं. अशा वेळी दारात मामांच्या चपला दिसल्या की मी उंबऱ्यातच एक लांब श्वास घ्यायचो. पाणी पिऊन होईपर्यंत मंगोलिया सुरू झालेला असायचा. तिथं जिंकणारा गडी हात पसरून गरुडासारखा नाचतो, तो नाच मामा आमच्या स्वयंपाकघरात करून दाखवायचे आणि फळीवरचे डबे हलायचे. "मामा, गप बस ना जरा, ते आत्ताच आलेत," असं ही म्हणायची. "मंग मी कुठं त्यांना नाचायला सांगतो गो बाय?" असं मामा म्हणायचे.

माझ्या मेहुण्याच्या हळदीत त्यांनी तुर्कस्तानची कुस्ती दाखवली होती. तिकडं सर्वांगाला तेल चोपडतात, त्यामुळं पकड म्हणून कुठं लागतच नाही, शेवटी समोरच्याच्या कातडी विजारीत हात घालून धरावं लागतं. हे मामांनी नुसतं सांगितलं असतं तर भागलं असतं. पण नवरदेवाचे सासरकडचे काका शेजारीच हळदीनं माखून बसले होते. ते गृहस्थ फार शिस्तीचे, बँकेतून निवृत्त झालेले. पुढं काय झालं ते मी पाहिलं नाही, कारण मी डोळे मिटले. आवाज मात्र ऐकला. ते काका आजही कार्यात भेटले की आधी दोन्ही हातांनी कंबरपट्टा धरतात आणि मग मामांची खुशाली विचारतात.

एकदा मी त्यांना आणायला वीर स्टेशनवर गेलो. महाडपर्यंतच्या रिक्षात आमच्याबरोबर एक दांडगे गृहस्थ दाटीवाटीनं बसले होते आणि अंग चोरून सगळ्यांची माफी मागत होते. मामांनी त्यांना डोळे भरून पाहून घेतलं आणि अतिशय आदरानं म्हणाले, "तुम्ही जपानात असायला पायजे होतात. मीठ फेकून कुस्तीला उतरला असतात ना, लोकांनी देव म्हणून पुजलं असतं." ते गृहस्थ आधी रागावले, मग विचारात पडले, आणि उतरताना त्यांनी मामांना आपल्या घरी जेवायचं आमंत्रण दिलं. मामा गेलेही.

या सगळ्यावर मामींचं मत एका वाक्याचं होतं. मामी बारीक, कमी बोलणाऱ्या. त्या तांदूळ निवडता निवडता म्हणायच्या, "जग दाखवलान मला, पन घाट चढून महाबळेश्वर काय दाखवलान नाय."

गेल्या पावसाळ्यात मामा पडले. कापड्याच्या घरी सिलिंडर घेऊन एक माणूस आला होता. अंगानं भरलेला, खांदे रुंद. मामांनी त्याला सिलिंडर खाली ठेवू दिला आणि आइसलँडची टांग कशी मारतात ते दाखवायला गेले. त्या बिचाऱ्यानं काहीच केलं नाही, नुसता घाबरून मागं सरला. मामांचा पाय शेवाळावर गेला आणि खुबा मोडला. महाडच्या इस्पितळात मी पोचलो तेव्हा ते खाटेवरून डॉक्टरांना समजावत होते, "पडलो असं लिहू नका. पाठ टेकली नाय, खुबा टेकला. दोन्ही खांदे टेकल्याबिगर निकाल नसतो."

शस्त्रक्रिया झाली. कापड्याचं घर उतारावर, पायऱ्यांचं. मामींच्यानं त्यांना उचलवणार नव्हतं आणि मूलबाळ नव्हतं. तेव्हा मामा आमच्याकडं आले, मामीही आल्या, आणि त्यांना खाटेवरून उठवायचं, उभं करायचं, संडासापर्यंत न्यायचं काम माझ्याकडं आलं. ज्यानं हाडामासाचा मोठा माणूस रोज उचललाय त्यालाच या कामाची कल्पना येईल. तो नुसता जड नसतो. त्याला दुखतं, त्याला लाज वाटते, आणि ते दोन्हीही आपल्यालाच उचलावं लागतं. मीही आता निवृत्तीला आलेला माणूस. माझी कंबर रात्रभर ठणकायची.

व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. तिनं मामांच्या कमरेला धरायला एक रुंद पट्टा बांधला आणि सांगितलं, "आजोबा, पायांकडे बघायचं नाही. समोर, लांब बघायचं." मामांचा चेहरा उजळला. "आइसलँडात हाच नेम हाय! समोरच्याच्या खांद्यावरनं पल्याड बघायचं. खाली बघितलं की बाद." त्या दिवशी ते उत्साहानं उभे राहिले. मग रोज उठवताना नवा देश. स्वित्झर्लंडवाले तागाची चड्डी धरून उचलतात आणि भुशात पाडल्यावर जिंकणारा स्वतः समोरच्याची पाठ झटकून देतो, हे त्यांनी मला गळ्यात हात टाकून, लोंबकळत सांगितलं. मी धापा टाकत होतो. "मामा, आधी बसा, मग स्वित्झर्लंड," मी म्हटलं.

आणि मग ते बोलायचे थांबले. कशानं ते कळलं नाही. दुखणं लांबलं होतं, पाऊस संपत नव्हता, आणि एकदा रात्री त्यांना आवरलं नाही, खाट ओली झाली, त्या सकाळपासून त्यांनी भिंतीकडं तोंड केलं ते केलंच. व्यायामाची मुलगी यायची आणि तशीच जायची. "आता उभे राहिले नाहीत तर मग कधीच राहणार नाहीत," असं तिनं आम्हाला बाहेरच्या खोलीत हळू आवाजात सांगितलं. इतकी वर्षं ज्यांनी गप्प बसावं म्हणून मी मनात प्रार्थना केली होती, ते गप्प झाले होते, आणि घर सहन होत नव्हतं. हिनं मोबाईलवर जपानची कुस्ती लावून त्यांच्या उशाशी ठेवली. त्यांनी ती बंद केली.

एका संध्याकाळी कामावरून आलो तो कपडे न बदलताच त्यांच्या खाटेवर टेकलो. उठवायचं त्राण नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मामा, एवढ्या कुस्त्या सांगितल्यात. तुम्ही आपल्या इथं कधी मैदानात उतरलात का हो?"

भिंतीकडं तोंड ठेवूनच ते म्हणाले, "उतरलो एकदा."

"मग?"

"मिसरूड फुटलं होतं तवा. वरच्या अंगाला एका गावात जत्रा असायची, तिथं फड लागायचा. वर्षभर मेहनत केली होती मी. नदीतले गोटे उचलायचो. बाप माझ्यासाठी दूध ठेवायचा, स्वतः कोरा चहा प्यायचा. नाव पुकारलान माझं. उतरलो. समोरनं पोरगा आला, माझ्याच अंगाचा, गोरा, हसरा. मी सलामीला हात पुढं केला." मामांनी भिंतीकडंच हात पुढं करून दाखवला. "त्यानं पन करायला घेतला होता. तेवढ्यात मागनं कुणीतरी त्याला सांगितलान, आमची वाडी कुठली ती. त्यानं हात मागं घेतला. पंच म्हणाला, ह्याची जोड नाय लागत. उतर खाली."

ही दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या तोंडाकडं पाहून मला कळलं, की तीही हे पहिल्यांदाच ऐकतेय.

"उतरलो. अंगाला माती पन लागली नव्हती. बापानं सदरा हातात दिलान. घरी येईपर्यंत कोण काय बोललं नाय."

"आणि परत?"

"परत कशाला जातोय? मुंबई धरली. गोदीत लागलो. एक दिवस आफ्रिकेतला एक खलाशी दिसला, हा एवढा उंच, दंडाला ताईत बांधलेले. मी आपला गमतीत शड्डू मारला. आणि त्यानं हात पुढं केलान, जावयबापू. दोन्ही हात. असा उचलून टाकलान मला गोणींवर, की बरगड्या कितीतरी दिवस दुखत होत्या." इथं मामा माझ्याकडं वळले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते हसत होते. "पडलो. पन काय बरं वाटलं म्हणून सांगू तुम्हाला! तवापासून बघत आलो. कुणी तेल लावतो, कुणी मीठ फेकतो, कुणी ढोल बडवतो. कापडं निराळी, नेम निराळे. पन कुठं पन जा, आधी समोरच्याला हात लावावा लागतो. त्याबिगर सुरूच होत नाय."

मामी आतून उठून आल्या, पट्टा घेऊन. त्यांना अर्थातच सगळं माहीत होतं. त्या म्हणाल्या, "झालं ना सांगून? आता उठा. माणूस दमून आलाय, त्याला जेवू दे."

मामांनी हात पुढं केला. मी माझा दिला. त्यांनी आपला हात सोडवून घेऊन सलामीचा तळव्यावर तळवा मारला, रीतसर, आणि मग पट्टा धरू दिला. ते कण्हले, मी कण्हलो. उभे राहिले तेव्हा त्यांचे पाय थरथरत होते, हनुवटी माझ्या खांद्यावर होती आणि नजर मागं, खिडकीबाहेर कुठंतरी लांब. आम्ही तसेच उभे होतो, कोण कुणाला धरून आहे ते कळू नये असे. माझ्या मानेवर भार देत मामा कानाशी पुटपुटले, "कच्ची ती कच्चीच राहिली तुमची."

दिवाळीपर्यंत ते काठीवर आले. थंडी पडल्यावर मामींना घेऊन कापड्याला परत गेले. रिक्षात बसताना त्यांनी रिक्षावाल्याचे दंड बघितले, पण काही बोलले नाहीत. आता ते फारसे हिंडत नाहीत. अंगणात खुर्ची टाकून बसतात, अंगानं निम्मे झालेत असं मामी सांगतात. मला आता घरी आल्यावर चहा मिळतो, पेपर मिळतो, फळीवरचे डबे जागच्या जागी असतात. जेवून लवकर झोपतो. झोप म्हणावी तशी लागत नाही, ती वयाची गोष्ट असेल.

गेल्या रविवारी त्यांचा फोन आला. आवाज बारीक झालाय. आधी हिची चौकशी केली, मग माझ्या कमरेची. शेवटी म्हणाले, "एकदा येऊन जा दोघं. भात चांगला झालाय. मी काय कुस्तीचं बोलत बसणार नाय, जावयबापू. बायनं सांगितलान हाय मला, तुम्ही दमलेले असता."

"येतो," मी म्हटलं. आणि पुढं म्हटलं, "बोला हो, मामा."

पलीकडून काहीच आवाज आला नाही. मी दोनदा हॅलो म्हटलं. रेंज गेली असेल. कापड्याला डोंगराआड ती जातेच.