कंबरेची गोळी

“घे गं, एका गोळीनं काय मरत नाय माणूस,” सहदेव तिसऱ्यांदा म्हणाला आणि गोळ्यांचं पाकीट त्याने ओट्यावर, निवडायला घेतलेल्या तांदळाच्या ताटाशेजारी टाकलं. “घे, वर पाणी पी नि आईला उचल. ओली पडलीय ती.”

“मी नाय घेणार,” विमल म्हणाली.

“मग न घेता उचल.”

“न घेता उचलता आलं असतं तर सव्वा वर्ष कशाला गिळली असती?”

आतल्या खोलीतून सासूचा, पारूबाईंचा आवाज आला. “विमल! अगं ए विमल! मेलीस का काय?”

“नाय अजून,” विमलने तिथूनच सांगितलं. “गुरवारी थोडक्यात राहिलं.”

“गुरवारचं सांगू नको मला,” सहदेव म्हणाला. “गुरवारी तू शेवळं खाल्लीस.”

“शेवळं मी केली. खाल्ली तुमी.”

“वास तर घेतलास!”

रविवार होता, त्यामुळे सगळे घरात होते. मुलगा संतोष खुर्चीत मोबाइल घेऊन बसला होता. सून नम्रता कपड्यांच्या घड्या घालत होती. वासाचं ऐकून तिला हसू आलं आणि तिने ते घडीत लपवलं. हायवेवरून कंटेनर गेला आणि कुंभिवलीतल्या सगळ्या घरांसारखी याही घराची भांडी हलली. विमलने पाकिटाकडे पाहिलंही नाही. ती तांदळातले खडे काढत राहिली.

विमल मूळची कोंडाण्याची. डोंगरातून गवताचे भारे आणून वाढलेली. दोन पोरी मिळून एक भारा उचलायच्या तिथे ही एकटी उचलायची, म्हणून भाऊ तिला बैल म्हणायचा. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन कुंभिवलीत आली. आता रिटायर झालेला सहदेव तेव्हा मोहोपाड्याला कंपनीत होता. शिफ्ट करून यायचा, जेवायचा, झोपायचा. शेत, जनावरं, घर विमलकडे. पुढे शेताच्या जागी गोदाम आलं, तेव्हा ती हायवेवरच्या एका हॉटेलात भाकऱ्या करायला जाऊ लागली. अकरा वर्षं गेली. ट्रकवाले गाडी लावायच्या आधी खिडकीतून विचारायचे, भाकरीवाली मावशी आली का. डॉक्टरच्या दारात ती बाळंतपणाला तेवढी गेलेली.

गेल्याच्या आदल्या दिवाळीत पारूबाई ओटीवर पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण म्हातारी पुन्हा उभी राहिली नाही. विमलला हॉटेलातलं काम सोड असं कुणी म्हणालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेजवळ तिच्याशिवाय कुणी नव्हतं, एवढंच झालं.

पारूबाई अंगाने भरलेल्या. त्यांना दिवसातून सहा-सात वेळा उठवायचं, बसवायचं, बाजूला घ्यायचं, खालचं बदलायचं. नम्रताने चाकांची खुर्ची मागवली होती. तिच्यावर सहदेवचे शर्ट वाळत असायचे. तिसऱ्या महिन्यात विमलची कंबर धरली. सहदेवने मेडिकलमधून गोळ्यांचं पाकीट आणलं. गोळी घेतली की दुखणं थांबायचं आणि विमल पुन्हा वाकायची. मग दर शनिवारी बाजाराच्या पिशवीत कांदे-बटाट्यांवर एक पाकीट असायचंच. ‘तुझी कंबरेची गोळी आणलीय हां,’ तो दारातून सांगायचा. बायकोची आठवण ठेवतो याचा त्याला अभिमान होता, आणि सुरुवातीला विमललाही होता.

गेल्या वर्षी जूनच्या तोंडावर तिच्या अंगावर पित्त उठलं. पहिल्यांदा परकराच्या नाडीखाली, मग पाठीवर, मांड्यांवर. रुपयाएवढ्या लाल गांधी उठायच्या, एकीत एक मिसळायच्या आणि अशी खाज सुटायची की भाकरी तव्यावर टाकून ती भिंतीला पाठ घासायची. दोन-चार तासांनी तिथलं सगळं जायचं आणि दुसरीकडे वर यायचं. “दाखव, कुठाय?” सहदेव म्हणायचा, तेव्हा नेमकी पाठ कोरी असायची. “कामाच्या वेळेला बरं उठतं.”

ज्या दिवशी सुरू झालं त्या दिवशी घरात शेवळाची भाजी होती. आदिवासी वाडीवरची कोंडी दरवर्षी पावसाच्या तोंडावर रानातून शेवळांचे कोंब घेऊन येते. ती काकडं, म्हणजे रानातली आंबट फळं, घालून नीट शिजवली नाहीत तर घशाला खाज सुटते, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक. काकडं कमी पडली होती, हे विमलनेच जेवताना सांगितलं होतं. झालं. घशाला खाज आणणारी भाजी, अंगाला खाज सुटलेली बाई. घराने त्याच दिवशी निकाल दिला आणि वर्षभर बदलला नाही.

कोंडीला हे कळलं तेव्हा ती ओटीवर बसून हसली. “सगल्यांनीच खाल्ली ना गं? मग या सगल्यांना का नाय उठलं?”

विमलने सासूकडे पाहिलं. “त्यांची पोटं चांगली हायत,” पारूबाई म्हणाल्या.

शेवळांचा हंगाम संपला तरी पित्त थांबेना. मग वांगं बंद झालं. मग सुकट, अंडी, तूरडाळ, टोमॅटो, आंबा. मोदकाच्या दिवशीही विमल पेज आणि दुधी खात होती. खाटेवरून पारूबाई उपाय सांगायच्या. “आमच्या वक्ताला पित्त उठलं की गेरू फासायचो नि लावणीला जायचो. नखरे नव्हते.” विमलने गेरू फासला, दोन साड्या कायमच्या लाल झाल्या. आमसुलाचा कोळ लावला, गार वाटायचा, अंग सुकलं की परत होतं ते. एकदा घोंगडीवर लोळायला लावलं, तर जिथे घोंगडी घासली तिथे दुपटीने वर आलं. मेडिकलवाल्याने पिवळी गोळी दिली, तिने खाज जायची पण विमल ओट्याशी उभ्या उभ्या पेंगायची. दूध दोनदा उतू गेलं, दुसऱ्यांदा सहदेवने गोळ्या कचऱ्यात टाकल्या.

मग नम्रताने एक दिवस आपला आणि लेकीचा, रियाचा टॉवेल वेगळ्या खुंटीवर लावला. “तसं काही नाही आई,” ती म्हणाली, “पण रियाच्या शाळेत त्वचेचं काही दिसलं तर लगेच घरी पाठवतात.” सात वर्षांची नात जन्मापासून आजीच्या कुशीत झोपायची, ती आई-बापाच्या खोलीत गेली.  विमल ते वेगळे टॉवेल रोज बघायची.

यंदा एप्रिलमध्ये एका मंगळवारी ती एकटीच कर्जतला गेली. मंगळवारी तिथे चामडीच्या डॉक्टरीणबाई बसतात, हे तिला कोंडीने सांगितलं होतं. पोचेपर्यंत अंग कोरं होणार हे माहीत असल्याने तिने महिनाभर मोबाइलवर स्वतःच्या पाठीचे, पोटाचे फोटो काढून ठेवले होते. डॉक्टरीणबाईंनी ते एकेक मोठे करून पाहिले.

“रोज कुठल्या गोळ्या घेता?”

“कुठल्याच नाय.”

“बीपी, साखर, थायरॉइड?”

“नाय.”

“दुखण्याची एखादी?”

“ती हाय. पण ती कंबरेची.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “पिशवीत आहे? दाखवा.”

त्यांनी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. मग सावकाश सांगितलं. याच गोळीने सुरू झालं असं त्या छातीठोक सांगत नव्हत्या. महिनोन्महिने चालणाऱ्या पित्ताचं कारण बहुतेक वेळा सापडतच नाही, अंग आपलं आपल्यावरच चिडतं. थायरॉइड आणि रक्त एकदा तपासून घेऊ. पण ज्यांना हे आहे त्यांच्यातल्या पुष्कळ जणांचं अशा दुखण्याच्या गोळ्यांनी भडकतं. ही बंद. लिहून दिलेली दुसरी रोज एक, खाज असो नसो, काही महिने. तिने मेडिकलमधल्या पिवळीसारखी झोप येणार नाही. नाडी सैल बांधायची, कढत पाण्याने अंघोळ नको, खाज आली तर खाजवायचं नाही, गार पाण्याची घडी ठेवायची.

“शेवळं?” विमलने विचारलं.

“शेवळांनी वर्षभर नाही उठत हो. एखाद्या पदार्थाने असं होणार असेल तर खाल्ल्या खाल्ल्या होतं.”

“वांगं?”

“खा.”

“नातीला लागेल?”

“नाही. खुशाल घेऊन झोपा.” मग त्यांनी बोट वर केलं. “ओठ, जीभ सुजली, श्वासाला जड झालं, तर घरात बसून वाट बघायची नाही. आणि कंबर कशाने दुखते?”

“सासूला उचलते.”

“कितीदा?”

“सहा-सातदा.”

“दुसरं कोण उचलतं?”

“दुसरं कोण?” विमलनेही तेच विचारलं.

“साधी तापाची गोळी चालेल कंबरेला. पण खरं औषध म्हणजे उचलणं थांबवा,” त्या म्हणाल्या आणि पुढच्याला बोलावलं.

घरी येऊन विमलने सगळं सांगितलं. वांगं चालेल हे ऐकून सगळ्यांना बरं वाटलं. शेवटचं वाक्य कुणी उचललं नाही. नवी गोळी तिने नेमाने घेतली, जुनी बंद केली. आठ-दहा दिवसांत गांधी उणावल्या, मग मधेच दोन दिवस काहीच नाही, मग चार दिवस. रिया परत कुशीत आली. टॉवेल एका खुंटीवर आले. कंबर मात्र आता उघडी पडल्यासारखी दुखायची, साध्या तापाच्या गोळीने भागायचं नाही. ती जुनी ओढणी घट्ट आवळून वाकायची, तर ओढणीखाली गांधी उठायच्या.

गुरुवारी पारूबाईंना बाजूला घेताना विमलच्या कंबरेत अशी कळ आली की तिला हलता येईना. म्हातारी अर्धी खाटेवर, अर्धी विमलच्या हातांवर. “पडले रं, पडले!” पारूबाई ओरडल्या. सहदेव धावत आला. आईला धरायला नव्हे, गोळी घेऊन. तोंडासमोर गोळी धरलेली, हातांत सत्तर किलोंची बाई. विमलने तोंड उघडलं.

तासाभरात खालचा ओठ लोंबायला लागला, जीभ तोंडात मावेना. संतोषने मोटारसायकलवर मधे बसवून, मागून नम्रताने धरून खोपोलीला नेलं. इंजेक्शन, सलाइन. तिथल्या डॉक्टरनेही तेच विचारलं, काय घेतलं होतं. विमलला बोलता येत नव्हतं. तिने रिकामं पाकीट दाखवलं.

संध्याकाळी परत आली तेव्हा ओटीवर शेजारी जमले होते आणि सहदेव त्यांना शेवळांचं सांगत होता. तो खोटं बोलत नव्हता, त्याला तसंच वाटत होतं. शेवळं खरी ठरली तर शेवळं सोडायची होती. गोळी खरी ठरली तर घरातल्या आणखी कुणाला तरी खाटेपाशी वाकावं लागणार होतं.

“बाई ठेवू या ना बाबा,” नम्रता घड्या घालता घालता म्हणाली. “माझ्या मैत्रिणीकडे येते एक.”

“परकी बाई मला हात लावणार नाय!” आतून आवाज आला. पारूबाईंना तेवढं बरोबर ऐकू जायचं.

“ऐकलंस?” सहदेव म्हणाला.

“मग तुमी उचला,” विमल म्हणाली.

“मी? आई हाय ती माझी. पुरुषमाणूस कसा...”

“कंपनीत तीस वर्षं ड्रम ढकलले ना?”

“ड्रम निराळे.”

“निराळेच. ड्रम हाका मारीत नायत.”

संतोष मोबाइलमधून वर न बघता म्हणाला, “आई, एवढं ताणू नको गं. आजी ओली पडलीय. आजच्या दिवस घे, मग बघू काहीतरी.”

“आजच्या दिवस गुरवारी घेतली होती, रं,” विमल म्हणाली. “तूच नेलंस ना खोपोलीला? वाटेत काय म्हणत होतास? आई, श्वास घे, श्वास घे. विसरलास?”

संतोषने मोबाइल मांडीवर उलटा ठेवला. 

“सगळं ढोंग हाय रं तिचं!” पारूबाई आतून ओरडल्या. “गोळी खाल्ली का उचलते ना? मग खा म्हणावं!”

विमल ताट बाजूला सारून आतल्या खोलीच्या दारात गेली. खोलीत वास भरला होता. पारूबाईंनी तिला पाहिलं आणि सवयीने दोन्ही हात वर केले, तिच्या गळ्यात टाकायला. तोंडाने शिव्या चालू होत्या, हात लहान पोरासारखे वर होते. विमलचे हात आपसूक पुढे झाले. तिने ते मागे घेतले, दाराच्या चौकटीला धरले आणि तशीच उभी राहिली. पारूबाईंचे हात थोडा वेळ तसेच राहिले, मग खाली आले.

“काय बघतेस?” त्या म्हणाल्या, पण आवाज मघाचा नव्हता.

विमल वळली. ओट्यावरून पाकीट उचलून तिने सहदेवच्या हातात दिलं. एरवी भांडताना तिचा आवाज चढायचा, आज चढला नाही. भाजीला काय करू असं विचारावं तशी ती म्हणाली, “आजपासून आत्याबाईंना मी उचलणार नाय. सकाळ-दुपार तुमी, संध्याकाळी संतोष. दोघांना जमत नसेल तर बाई लावा, नि तिनं हात लावायचा की नाय ते मायलेकांनी ठरवा. जेवण मी करीन, भरवीन, औषध देईन. उचलणार नाय.”