घरात न बोलायचा शब्द

रोज सकाळी बायकोने पलंगावरून पाय खाली टाकायच्या आधी फौजी उठत. न्हाणीघरापर्यंतची फरशी अनवाणी पायांनी चाचपत जात, वाटेतली चप्पल, घसरलेलं पायपुसणं बाजूला सारत आणि दारातून हाक मारत, "ये गं, मोकळं आहे."

शेजारीण हसायची. "नवरा आहे की पहारेकरी?"

"जळू नकोस. तुझे उठतात तरी का?" बायको म्हणायची.

लढाईत जमिनीत पुरलेले सुरुंग शोधायचं काम फौजींकडे होतं. तिथे 'थांब' म्हणजे थांबच. उचललेला पाय उचललेलाच ठेवायचा, कुणीतरी 'मोकळं आहे' म्हणेपर्यंत. एका दोस्ताने 'थांब' ऐकूनही एक पाऊल टाकलं होतं. त्याच्याविषयी फौजी एवढंच सांगत, "गायचा बरा." पुढे ते शिलाई मशिनी दुरुस्त करण्यात रमले, पण घरात 'थांब' हा शब्द कुणी काढायचा नाही. लेकीला लहानपणीही 'जरा दम धर' असंच सांगितलं जाई.

मग बायकोच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, "प्रयत्न करू." तिला स्वतःपेक्षा घोर लागला यांचा. "दारापर्यंत हात सोडू नका," तिने बजावलं होतं.

चाकांच्या खाटेवरून तिला नेत होते. हात हातात होता. तेवढ्यात फरशी पुसणारी बाई ओरडली, "अहो बाबा, थांबा! ओलं आहे!"

हात सुटला. खाट पुढे गेली. तिने मान वळवून पाहिलं, तर फौजी एका पायावर उभे, टाच अधांतरी, कपाळ घामाने डबडबलेलं.

"आजोबा, चला की! डॉक्टर खोळंबलेत," खाट ढकलणारा म्हणाला. फौजी जागचे हलेनात.

"उभी करा गाडी," ती म्हणाली.

"आजी, उशीर होतोय."

दार जवळ येत होतं. हे असेच उभे राहिले आणि आपण आतून परत आलोच नाही तर? सगळा जीव गोळा करून ती कोपरावर उठली. "अहो, मोकळं आहे! मी बघितलंय."

टाच हळूच टेकली. फौजी आले, त्यांनी हात धरला. तळवा बर्फासारखा गार.

"तू बघितलंस?"

"मग? नेहमी तुम्हीच बघायचं का?"

ती वाचली. घरी आली ती जड काही उचलायचं नाही, ही ताकीद घेऊनच. फौजींनी पाणी, धुणं सगळं अंगावर घेतलं. आता त्यांना धाप लागे आणि तिचा जीव खालीवर होई.

"दमता हो तुम्ही."

"लढाईत दमलो नाही, धुण्याला दमेन?"

ते शेवटचं बोलले एका दुपारी. खुर्चीत डोळे मिटून बसले होते. डोळा लागला असेल, असं समजून तिने ओल्या कपड्यांची बादली हळूच उचलायला घेतली. कडी वाजली.

डोळे न उघडताच ते म्हणाले, "ठेव बघू ती खाली. मी उठतोच आहे."