कुजलेल्या वेलदोड्याची माती

बागवाल्या मंडळींनो, आज माझं डोकं फिरलंय.

गॅलरीतला माझा वेलदोडा कंदकुजीने गेला. खोड ओढलं तर हातातच आलं, खाली कंदाचा नुसता लगदा. हा रोग मातीतून आल्या-हळदीलाही लागतो, म्हणून सकाळी मातीसकट सगळं पिशवीत बांधून कचऱ्यात टाकलं.

संध्याकाळी शेजारच्या काकू हळदीची कुंडी घेऊन दारात हजर. "तुमचा वेलदोडा गेला ना, म्हणून ही तुम्हाला."

"माती कुठली, काकू?"

"तुमचीच. अहो, इतकी चांगली माती कोणी फेकतं का? मजल्यावर सगळ्यांना हळद लावून दिली मी."

सगळ्यांनी काकूंचं कौतुकही केलं म्हणे. आता दारोदार जाऊन त्या कुंड्या फेकायला सांगणारी वाईट बाई कोण होणार, सांगा बरं?