वाचनालयाच्या प्रतीतले पंधरा शब्द

वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्यांचा दरमहा आढावा घेणारा माणूस वलवणमध्ये मी एकटाच होतो. रिकामटेकडेपणा म्हणून लोकांनी त्याची चेष्टा केली, आजही करतात. त्यांनी खुशाल करावी. मी तो आढावा पाच वर्षं लिहिला आणि त्यातल्या एका आढाव्याबद्दल सोडून मला कधी वाईट वाटलं नाही.

ही साठ सालानंतरची गोष्ट. मी धरणाच्या कचेरीत कारकून होतो. पाण्याची पातळी आणि पर्जन्यमापकातला पाऊस रोज ठरल्या वेळी नोंदवायचा, हे माझं काम. दिवसभर आकडे लिहून आलेला माणूस संध्याकाळी पुन्हा वही घेऊन बसतो याचं घरात हसू व्हायचं. बायको म्हणायची, "धरण मोजून झालं वाटतं. आता पेपरातले चौकोन मोजा."

मोजत होतो, हे खरंच. गावच्या वाचनालयात पुण्याचं एक दैनिक यायचं. लोणावळ्याला गाडीतून उतरलेला गठ्ठा सायकलवरून आमच्याकडे पोचायला नऊ वाजायचे. पेपर तिरक्या मेजावर पसरलेला असे आणि लोक उभ्याने वाचत. चौथ्या पानावर खाली कोडं असे, त्याची उत्तरं दुसऱ्या दिवशी. मी पेपरावर कधी रेघसुद्धा ओढली नाही. चौकोन वहीत उतरवून घ्यायचे, घरी सोडवायचे आणि मग शब्द ओळखायला दिलेली प्रत्येक खूण कोणत्या विषयाची आहे ते रकान्यात मांडायचं. देव-पुराण, राजे, संस्कृत प्रतिशब्द, शहर, स्वयंपाकघर, शेती आणि रान, संकीर्ण. महिना संपला की एका कागदावर आढावा लिहून तो वाचनालयाच्या फळ्यावर टाचायचा.

त्यातून काय कळे? एका महिन्यात कमळ पाच वेळा आलं, पाचही वेळा निरनिराळ्या नावानं. इंद्राचा हत्ती दोनदा आला, बैल एकदाही नाही. आमच्या मावळात चहूकडे भाताची खाचरं, पण भात कोड्यात यायला सात महिने लागले, आणि आला तोही ताटातला, शिजलेला. लोणावळा एकदा आलं होतं: 'पुण्याजवळचे थंड हवेचे ठिकाण, चार अक्षरी'. मी आढाव्यात लिहिलं की कोडं रचणारे गृहस्थ शहरात वरच्या मजल्यावर राहत असावेत आणि त्यांच्या खिडकीतून फक्त देऊळ आणि ग्रंथालय दिसत असावं. वाचनालयाचे चिटणीस, जे एका सरकारी कचेरीतून निवृत्त होऊन आले होते, ते वाचून म्हणाले, "अहो आढावेकार, कोडं करमणुकीसाठी असतं. तुम्ही त्याची जनगणना लावलीय."

"करमणूक कुणाची, तेवढंच मोजतोय," मी म्हणालो.

आता त्या एका आढाव्याबद्दल. जुने अंक फायलीत लावलेले असत. उत्तरं पडताळताना माझ्या लक्षात आलं की पंधरा दिवसांच्या अंकांवर कुणीतरी पेन्सिलीनं कोडं भरलंय. अक्षरं मोठी, चौकोनाच्या बाहेर जाणारी. मला वाटलं शाळेतली पोरं असतील. मी शब्द मोजले. भरलेले शब्द शेहेचाळीस. छापील उत्तरांशी जुळणारे एकतीस. आढाव्याच्या शेवटी मी लिहून टाकलं: 'वाचनालयाच्या प्रतीत अज्ञात वाचकाने भरलेल्या शेहेचाळीस शब्दांपैकी पंधरा चूक.' हिशेब बरोबर होता, म्हणून मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

चिटणीसांनी तेवढं एकच वाक्य उचललं. चार दिवस पाळत ठेवून त्यांनी भरणाऱ्याला पकडलं. ती पोरं नव्हती. वरच्या वाडीतले एक आबा होते. वय साठीच्या घरात. घाटात रेल्वेच्या रुळांवर गँगमध्ये आयुष्य काढलेलं, आता घरीच. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात ते अक्षरं शिकले होते. तो वर्ग पुढे बंद पडला. त्या वाडीतून वाचनालयाचा सभासद झालेले ते पहिलेच. चिटणीसांनी त्यांना सांगितलं की रविवारी कार्यकारिणीची सभा आहे, त्यात सभासदत्व काढून घेण्याचा ठराव येईल.

दुसऱ्या दिवशी आबा माझ्या दारात आले. ओटीवर बसले, पण टेकून नाही.

"भाऊ, तुमी लिवलं म्हनं, पंदरा चुकलं."

"लिहिलं, आबा. तुम्ही आहात हे माहीत नव्हतं."

"मी असल्यावर चुकलं नसतं व्हय?"

त्यांनी खिशातून सभासदत्वाचं कार्ड काढून दाखवलं. त्यावर त्यांची सही होती, तीन अक्षरं, प्रत्येक अक्षर दुसऱ्यापासून फटकून.

"पेपरात एवढ्या बातम्या असतात आबा, कोडंच का?"

"बातमी लय पळती. एक वळ वाचूस्तवर आदीची इसरतो. ह्ये उभं ऱ्हातं. एका घरात एक अक्षार. माझ्या चालीनं चालतं."

मराठी कोड्यात एका चौकोनात एक अक्षर असतं, हे मी इतके दिवस बघत होतो. पण नव्यानं वाचायला शिकलेल्या माणसाला पेपरात तेवढी एकच जागा थांबून राहते, हे माझ्या कुठल्याही रकान्यात नव्हतं.

मी त्यांना चहा दिला आणि वही काढली. पंधरा शब्द एकेक करून त्यांच्यापुढे वाचले. 'पावसात अंगावर घेतात, तीन अक्षरी.' छापील उत्तर घोंगडी. आबांनी लिहिलं होतं इरलं. 'शेतात घालतात, दोन अक्षरी.' छापील खत, आबांचं राब.

"राब म्हंजे तुमाला ठावं हाय की," ते म्हणाले. "शेण-पालापाचोळा पसरून भाजत्यात. त्याबिगर रोप धरत न्हाई."

'रानातला हिंस्र प्राणी, दोन अक्षरी.' छापील सिंह, आबांचं वाघ.

"सिंव्ह कुणी बगितलाय हितं?"

"आणि हे बघा," मी म्हणालो. "'रामाचा भाऊ, तीन अक्षरी.' पेपर म्हणतो भरत. तुम्ही मारुती लिहिलंय."

"भाऊ न्हाई तर काय. भावापरीस लय केलं त्यानं."

"ते खरं. पण हे चूकच धरतो."

"धरा की."

"आणि इरलं लिहिल्यावर त्यातून जाणारे उभे शब्द कसे बसवले?"

"न्हाई बसलं तितं सोडून दिलं. समदंच बसाय पायजे असं कुटं हाय?"

त्या दिवशी आम्ही पंधराही शब्द तपासले. मी माझा नियम ठरवला: छापील उत्तर झाकून ठेवायचं, खूण काय विचारते आणि चौकोन किती एवढंच बघायचं. नऊ शब्द खुणेला पूर्ण लागू पडत होते. सहा चूक होते. मारुतीसकट.

रविवारी सभा झाली. कार्यकारिणी पाच जणांची, त्यात मी एक. अध्यक्ष गावातले मोठे शेतकरी, स्वभावानं मोकळे, पण तंटा नको म्हणणारे. आबा दाराशी उभे होते. मी त्यांना खुर्ची आणून दिली.

मी सुधारलेला आढावा वाचला: 'मागील आढाव्यात पंधरा शब्द चूक असे लिहिले होते. फेरतपासणीत चूक सहा आढळले. उरलेल्या नऊ शब्दांची चूक माझी.'

चिटणीस म्हणाले, "पेपरात छापलं ते उत्तर. दुसरं उत्तर नसतं."

"खुणेत तसं लिहिलेलं नाही."

"म्हणजे उद्या कुणीही काहीही लिहावं?"

"काहीही नाही. सहा मी चूक धरलेत की. अध्यक्ष, तुम्हीच सांगा, शेतात घालतात ते, दोन अक्षरी. पेपर म्हणतो खत. मग राब चूक का?"

अध्यक्ष हसले. "राब कशानं चूक? माझ्या खाचरात आत्ता पंधरा दिवसांमागं भाजलाय. राब सोडून खत म्हणतो म्हणजे त्या कोडंवाल्याला भाताचं रोप ठाऊक नाही." मग त्यांनी चिटणीसांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पण पेन्सिल लावू नये हे बरोबर आहे. पेपर सगळ्यांचा. दुसऱ्याला कोडं सोडवायचं असलं तर त्याला भरलेलं मिळतं."

हे मला मान्य करावं लागलं, आणि मी केलं. शब्द बरोबर होते म्हणून पेन्सिल बरोबर ठरत नाही. "मग पेन्सिल लावू नका एवढं सांगा," मी म्हणालो. "माणूस काढायचं कारण नाही."

अध्यक्षांनी मधला मार्ग काढला. आबांनी माफीनामा द्यावा, प्रकरण संपवावं. चिटणीसांनी कागद माझ्याकडे सरकवला. "तुमचं अक्षर चांगलं आहे. लिहा. आबा अंगठा उठवतील."

"माझ्या अक्षरात होणार नाही," मी म्हणालो. "आणि अंगठा कशाला? कार्डावर त्यांची सही आहे."

चिटणीसांनी मग स्वतःच लिहिला. चार ओळी. कागद आबांपुढे ठेवला आणि पेन पुढे केलं. आबांनी पेन घेतलं नाही. कागद घेतला, डोळ्यांजवळ धरला आणि वाचू लागले. मोठ्यानं, एकेक अक्षर. 'मी. खा. ली. स. ही.' कुणीतरी घसा खाकरला. चिटणीस म्हणाले, "मी वाचून दाखवतो ना." अध्यक्षांनी हातानं त्यांना थांबवलं. दोन ओळींना बराच वेळ लागला. तिसऱ्या ओळीत ते अडले, मागे गेले, पुन्हा तिथवर आले.

"'वाचनालयाचे वर्तमानपत्र खराब केले.' ह्ये माझं न्हाई."

"काय तुमचं नाही?"

"खराब न्हाई केलं. वाचलं. मला अजून नुसत्या डोळ्यानं येत न्हाई, पेन्शील लावून वाचावं लागतं. पुन्यांदा लावनार न्हाई म्हना, त्येच्यावर सही करतो. ह्येच्यावर न्हाई."

"सही नाही तर कार्ड परत करा."

आबांनी कार्ड खिशातून काढलं, बघितलं आणि परत ठेवलं. "त्येच्यावरली सही माझी हाय. ती तुमी कशी काढनार?"

चिटणीस तो एक शब्द बदलायला तयार झाले नाहीत. त्यांचं म्हणणं, सभासद मजकूर सांगणार असेल तर मग कार्यकारिणी कशाला. मतं घेतली. तीन विरुद्ध दोन. आबांचं सभासदत्व एक वर्षासाठी स्थगित. दुसरं विरोधी मत अध्यक्षांचं होतं, हे मी त्यांच्यासाठी इथे नोंदवतो. इतिवृत्ताच्या वहीत ठरावाखाली मी लिहिलं, 'हा ठराव मला मान्य नाही', आणि सही केली. चिटणीस म्हणाले असं लिहायची पद्धत नाही. मी म्हणालो, नियम दाखवा. तसा नियम नव्हता.

मग मी घरी जाऊन नियमांची पुस्तिका वाचली. सातवा नियम असा होता की प्रत्येक सभासदाला एका वेळी एक पाहुणा वाचनालयात आणता येईल; पाहुण्याने पाहुण्यांच्या वहीत सही करावी. किती दिवस, याची मर्यादा घातलेली नव्हती.

सोमवारी कचेरीतून सुटल्यावर मी आबांना घेऊन गेलो. वहीत त्यांनी सही केली. चिटणीसांनी सातवा नियम दोनदा वाचला. मेजापाशी उभं राहून मी कोडं माझ्या वहीत उतरवलं, वही आबांपुढे ठेवली. पेपरावर पेन्सिलीचा ठिपकाही नाही. आबा बाकावर बसून भरू लागले. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. माझ्या घरी पाहुणे आले, मुलगी आजारी पडली, ते दिवस सोडून आम्ही गेलो. गावात लोक म्हणायला लागले, यांचा पाहुणा काही जात नाही. बायको सुरुवातीला वैतागली. नंतर मला उशीर झाला की तीच म्हणे, "जा लवकर, ते तिकडे ताटकळत असतील." आढावा मी पूर्वीसारखाच टाचत होतो. त्यात आबांनी भरलेले शब्द वेगळे मांडत होतो, चूक ते चूक आणि लागू ते लागू. दोनदा कुणीतरी तो फाडला. मी नक्कल ठेवलेली असे.

वर्षभरात पाहुण्यांच्या वहीत आबांच्या दोनशे अठरा सह्या झाल्या. स्थगितीची मुदत संपली तेव्हा चिटणीसांनी आपणहून नव्या सभासदत्वाचा अर्ज बाकावर आणून ठेवला. रविवारची सकाळ होती. "आबा, सही करा. झालं गेलं सोडून द्या."

आबांनी अर्ज उचलला आणि वाचायला घेतला. आता मोठ्यानं नाही, ओठ मात्र हलत होते. चिटणीस उभेच. शेवटच्या ओळीवर आबांनी बोट ठेवलं.

"'वाचनालयाचे सर्व नियम वाचले असून मला मान्य आहेत.' मी कुटं वाचलं?"

"अहो, ते सगळेच लिहितात. कुणी वाचत नाही."

"मग मी सही कशी करू? नियम आना."

चिटणीसांनी माझ्याकडे बघितलं. मी पेपर वाचत होतो. शेवटी त्यांनी कपाट उघडलं आणि पुस्तिका आबांच्या हातात दिली. बावीस पानांची होती. त्या रविवारी वाचनालय बाराला बंद झालं नाही.