विहिरींचं पुस्तक आणि अश्लेषाचे आठ महिने

अश्लेषाला राग लवकर येत नसे. पण दर सोमवारी अकरा वाजता ग्रंथालयाच्या दारात कडुबा दिसला, की यायचा. कडुबाचा नव्हे. त्याच्या हातातल्या दोनशेपानी वहीचा.

साल दोन हजार सोळा. औरंगाबादच्या नळाला पाचव्या दिवशी पाणी, आणि बीड बायपासला मात्र दर महिन्याला नवी इमारत. अश्लेषा औरंगपुऱ्यातल्या एका जुन्या ग्रंथालयात बारा वर्षं ग्रंथपाल होती. तिच्या संदर्भाच्या कपाटात एक पुस्तक होतं: गंगापूर आणि पैठण तालुक्यांतल्या एकशे बारा गावांच्या विहिरींचं. भूगोलाचे शिक्षक मधुसूदन सर यांनी शहाऐंशीच्या दुष्काळात सायकलवर फिरून प्रत्येक विहिरीची खोली, खडक, पाणी कुठल्या थराला लागलं, हे टिपलं होतं. प्रकाशक कधीच बंद पडला होता. उरलेली प्रत ही एकच, आणि तिची शिवण अशी उसवलेली, की झेरॉक्सच्या काचेवर पालथी घातली तर पानं गळून पडली असती.

आदल्या वर्षी पाऊस हुकल्यापासून गावोगाव बुजलेल्या विहिरींतला गाळ काढायचं काम चाललं होतं. एका गावाला मशीन दोनच दिवस मिळायचं. ते कुठल्या विहिरीत घालायचं, हे या पुस्तकात होतं. म्हणून लासूर स्टेशनजवळचा कडुबा रेल्वेनं यायचा आणि, ग्रंथालयात फोटो काढायला मनाई म्हणून, एका गावाचं पान वहीत हातानं उतरवून न्यायचा. पुढच्या सोमवारी दुसऱ्या गावाचं.

"म्याडम, समदं पुस्तक मोबाईलवर टाका की. लई जण वाट बघायलेत."

"एका गावाचं पान देता येतं, कडुबा. अख्खं पुस्तक नाही. सर जाऊन बारा वर्षं झाली. लेखक गेल्यावर साठ वर्षं हक्क राहतो, असं कायदा म्हणतो."

कडुबानं बोटांवर हिशेब केला. "म्हंजी अजून अठ्ठेचाळीस. तवर विहिरी थांबतील व्हय?"

उपाय अश्लेषाला ठाऊक होता. हक्क ज्याचा, त्यानं लिहून द्यायचं: हे कोणीही वाचावं, उतरवावं, दुरुस्त करावं, सरांचं नाव ठेवावं, आणि दुरुस्त केलेलंही असंच सगळ्यांसाठी खुलं ठेवावं. खुला परवाना. सही एक. तेवढ्यासाठी ती आठ महिने ज्योतीनगरात सरांच्या घरी खेटे घालत होती.

सरांचा धाकटा मुलगा केयूर दर वेळी सोफ्यावर बसवायचा. "मॅडम, हरकत काहीच नाही. फक्त दादाची सही आधी होऊ द्या. मोठा आहे." पुण्याचा दादा, अमेय, फोनवर सांगायचा, "हरकत काहीच नाही. पण बाबा राहिले केयूरकडे. त्यानं आधी करावी." मध्येच बाबांचा रंगीत फोटो हवा असायचा, मध्येच प्रकाशन समारंभ.

"आणि कोणी स्वतःच्या नावावर खपवलं तर?" केयूर विचारायचा.

"म्हणूनच तर लिहून घ्यायचं ना," अश्लेषा अकराव्यांदा सांगायची. सरांच्या पत्नी, यमुनाबाई, तेवढ्यात चहा ठेवून आत जायच्या.

एप्रिलातल्या एका सोमवारी कडुबा उशिरा आला, मान खाली घालून. शेजारच्या गावासाठी उतरवताना त्याच्याकडून एक ओळ गाळली गेली होती. मशीन दोन दिवस भलत्याच विहिरीत चाललं. खाली नुसता कातळ.

"आता गाव मला पंडित म्हणतंय," तो म्हणाला. "अन् मशीन गेलं पुढं."

अश्लेषाचं डोकं फिरलं. पण या माणसाला काय बोलणार? सातवी शिकलेल्या हातानं त्यानं तीस गावं उतरवली होती. तिनं पुस्तक काढलं आणि परवान्याचा अर्ज पुढे ओढला. सहीची जागा सोडून सगळं भरायचं आणि आज केयूरच्या दारात ठाण मांडायचं. पुस्तकाचं नाव. साल. हक्क कोणाचा? तिनं मुखपृष्ठाआतलं पान उलटलं, आणि पेन तिथंच थांबलं.

"सर्व हक्क : सौ. यमुनाबाई."

हक्क बायकोच्या नावावर छापायची आपल्याकडे रीतच. अशा हजार ओळी तिच्या नजरेखालून गेल्या होत्या, आणि नुसता उपचार समजून तिनं त्या ओलांडल्या होत्या. बारा वर्षं ग्रंथपाल! कपाटावर डोकं आपटावंसं वाटलं तिला.

तासाभरात ती ज्योतीनगरात होती. दार यमुनाबाईंनीच उघडलं.

"आजी, हक्क तुमचे आहेत. पहिल्यापासून!"

"माहितेय की. छापताना विचारलं होतं त्यांनी मला."

"मग बोलला का नाहीत? आठ महिने!"

"तू तरी कधी विचारलंस? चहा घेतलास अन् मुलांशी बोलून गेलीस."

अश्लेषानं अर्ज पुढे केला. यमुनाबाईंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"नाही करत सही."

"आता काय झालं?"

"बिडकीनच्या पानावर चूक आहे. ती विहीर नऊ परस खोल नाही, सात. दोरी मी धरली होती. यांनी ऐकलं नाही. चुकीचं गावभर कशाला वाटायचं?"

"आजी, तिसरी ओळ वाचा. दुरुस्त करावं, असं लिहिलंय. सही केलीत की ती चूक कोणालाही सुधारता येईल."

"मला तर ती आधीच सुधारता येत होती. हक्क माझा."

"मग तीस वर्षं का नाही सुधारलीत?" अश्लेषा जवळजवळ ओरडलीच.

"छापखाना कुठं होता माझ्यापाशी?" असं म्हणून यमुनाबाईंनी सही केली, आणि पेन न ठेवता म्हणाल्या, "आता लिहून घे. बिडकीन, सात परस."

आठवड्याभरात एकेका पानाचा फोटो काढून पुस्तक नेटवर चढलं, बिडकीनच्या दुरुस्तीसकट. केयूरचा फोन आला, "दादाला आधी विचारायला हवं होतं." पुढच्या सोमवारी अकरा वाजता कडुबा पुन्हा दारात. हातात वही.

"आता कशाला? सगळं मोबाईलवर आहे!"

"हाय की. तीन गावांनी त्यावरूनच मशीन लावलं. पर आमच्या पानावर दोन चुका हायत, म्याडम. दोरी टाकून मोजून आणल्यात."

अश्लेषानं कपाळाला हात लावला, आणि दुसऱ्या हातानं त्याच्यासाठी खुर्ची ओढली.