न फुटलेले ठोकळे

पाण्याची टाकी पडल्याची ती वर्दी आजही आठवते. धारूर तालुक्यातलं गाव, टाकी पहिल्यांदाच भरलेली. एक शेतमजूर बाई कायमची अधू झाली. गुन्हा नोंदवून ठेकेदाराला बोलावलं. त्यानं काँक्रीट तपासणीचे अहवाल पुढे ठेवले. सगळे उत्तीर्ण, खाली प्रयोगशाळेच्या इंजिनिअरची सही.

बांधकामाच्या वेळी त्याच काँक्रीटचे ठोकळे पाडतात, त्यांवर रंगानं कामाचं नाव टाकतात आणि नंतर यंत्रात दाबून फोडतात. किती दाबाला फुटला, ती काँक्रीटची ताकद. एवढं मी आधी समजून घेतलं.

मग ठाण्यात निनावी फोन आला. "साहेब, लॅबशेजारच्या टपरीवर चहा घ्या. आन् बुडाखाली काय हाय ते बघा."

साध्या कपड्यांत गेलो. गिऱ्हाइकं ठोकळ्यांवर बसली होती. मी माझा उलटवला. त्यावर पडलेल्या टाकीचं नाव होतं आणि ठोकळा अखंड.

"हे कुठले, मामा?"

"लॅबच्या मागचे. फुटके बी लई हायेत, पर त्यावर कोण बसंल बे? चांगले निवडून आणले."

पंच बोलावले तेव्हा 'बे' जाऊन 'साहेब' आलं.

इंजिनिअर तरुण, हुशार. मी जप्त केलेला ठोकळा टेबलावर ठेवला. "हा फुटला असं तुम्ही लिहिलंय."

त्यानं ठोकळा फिरवून वरचं नाव वाचलं. "यंत्र बंद होतं, उद्घाटन ठरलेलं. आधीच्या कामांवरून आकडा किती येईल ते मला कळत होतं, साहेब."

"मग अंदाज म्हणून लिहायचं."

"अंदाज कोण मंजूर करतं?"

माझी काळजी पुढची होती. त्याच्याच सहीवर आणखी टाक्या भरून उभ्या होत्या, एक तर शाळेला लागून. सगळे अहवाल त्याच्यापुढे ठेवले. "यात खरंच तपासलेल्या कोणत्या?"

त्यानं एक कागद बाजूला काढला, पुन्हा गठ्ठ्यात ठेवला. "काही नक्की तपासल्यात. पण आता मलाच ओळखता येत नाही."

जप्त ठोकळे सरकारी प्रयोगशाळेत फोडले, कमी भरले. बाकीच्या टाक्या रिकाम्या करायला लावल्या. टँकरपाशी एका बाईनं मला अडवलं. "टाकी तर उभी हाय, मंग पाणी कावून बंद?"

पुढे त्या टाक्या पक्क्या निघाल्या, पण तोवर उन्हाळा टँकरवर गेला होता.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत, कुणाचाही जबाब पुढे आला की मी अंमलदाराला आधी विचारत असे, "हे त्यानं पाहिलं, की त्याला वाटलं?"